कॉम्प्युटर उठेपर्यंत

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रसायनीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला जशी खोली मिळाली तशी कारखान्यात दुसऱ्या कुणालाच नव्हती. खिडक्यांना जाड पडदे, खाली गालिचा आणि भिंतीत एसी. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. नारळ मात्र आत, त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावरच फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं, हे सर्वांनी शुभ मानलं. त्यानंतर क्यू हे अक्षर बरेच दिवस दाबलं की दाबलेलंच राहत असे. सुदैवाने आमच्या मालात कुठे क्यू नव्हता.

मी डिस्पॅचचा कारकून. टँकर भरला की त्याचं चलान काढायचं आणि खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, हे माझं काम. पूर्वी मी ते टाइपरायटरवर, कार्बन घालून करत असे आणि त्याबद्दल कुणी कधी माझी पाठ थोपटली नव्हती. आता तेच चलान कॉम्प्युटर काढणार होता, म्हणून पाहुणे बघायला येऊ लागले.

त्याच्यासाठी एक ऑपरेटर नेमली. कर्जतची मुलगी, वडील रेल्वेत गँगमन, घरात कचेरीत बसणारी ही पहिलीच. नेमणूक तात्पुरती होती. ठरावीक महिने झाले की घरी बसवायचं, मग पुन्हा बोलवायचं, असं तिचं दोनदा झालं होतं. आता तिसरी खेप होती आणि तिला कायम करायचं की नाही, याचा शेरा मोठे साहेब त्या महिन्याअखेरीस लिहिणार होते. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. ते शेरा काय लिहिणार हे आम्हाला ठाऊक होतं, कारण ते तो कँटीनमध्ये मोठ्याने बोलून दाखवत असत: "मशीन उत्तम आहे. बाई स्लो आहे."

खरं तर बाई बसलेली असायची आणि मशीन स्लो असायचं. बटण दाबलं की ते आधी घरघरायचं, मग स्वतःशीच आकडे मोजायचं आणि मग त्याचं जे काही चालायचं, त्या वेळात मी एक जाडजूड कादंबरी पार केली, तीही पुष्कळ पात्रं असलेली. त्यात आमच्याकडे वीज दिवसातून तीन-चारदा तरी जायची. ती आली की सगळं पहिल्यापासून. बाहेर टँकरची रांग लागायची आणि खालापूरकडचा एक ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून विचारायचा,

"ताई, उठली का नाय तुमची पेटी?"

"उठतेय, दादा."

"आमची म्हस पन येवढा येळ घेत नाय बसल्यावर. पानी मारा तिच्या तोंडावर."

"मारलंय. नारळाचं," ती म्हणायची.

साहेबांच्या कँटीनमधल्या शेऱ्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली, त्या दिवशी ती चिडून म्हणाली, "काका, हे सकाळी एवढं काय करत असतं, ते एकदा बघूच या." आम्ही बघायला बसलो. सुरू होताना काय काय करायचं, याची त्याच्या पोटात एक फाईल असते. ती तिने पडद्यावर आणली. मी आजवर अनेक समारंभांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या आहेत. ही तशीच होती.

सुरुवातीला गणपती. फुल्या-फुल्यांनी काढलेला, सोंड डावीकडे, एकेक ओळ करत वरून खाली उमटणारा. मग कंपनीचं नाव, अक्षरं वीतभर. मग मोठ्या साहेबांचं नाव, हुद्दा आणि "हार्दिक स्वागत करीत आहेत" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. ते नाव नीट वाचता यावं म्हणून त्यानंतर मशीनने काही हजारांपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजायचे, अशी तजवीज होती. मग खरेदी अधिकाऱ्यांचं नाव आणि पुन्हा मोजणी, जराशी लहान. मग सुरक्षा अधिकाऱ्यांनी दिलेली सुरक्षेची शपथ, कलमवार, आणि प्रत्येक कलमापाशी थांबून "मान्य असल्यास कोणतीही कळ दाबा". शेवटी पिपाणीसारखी एक धून. आणि हे सगळं झाल्यावर कोपऱ्यात एक लाजरी रेघ लुकलुकायची. तो खरा कॉम्प्युटर.

हे झालं कसं, ते मला आठवलं. मशीन बसवायला मुंबईहून एक इंजिनियर आला होता. तो कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये राहिला आणि रोज वेगवेगळ्या साहेबांकडे जेवला. ज्यांच्याकडे जेवला, त्यांचं नाव घालून गेला. माझ्याकडे तो चहासुद्धा प्यायला नव्हता.

"पुसून टाकते सगळं," ती म्हणाली.

"आधी विचार. नाहीतर शेऱ्यात येईल."

म्हणून आम्ही परवानगी मागायला निघालो. खरेदी अधिकारी म्हणाले, कल्पना चांगली आहे, ती सुरक्षेची शपथ आधी काढा, कोण वाचतं? सुरक्षा अधिकारी म्हणाले, शपथेला हात लावायचा नाही, पण खरेदीखात्याचं स्वागतात काय काम? मोठे साहेब म्हणाले, "ह्या दोघांचं काढा. माझं व्यक्तिशः काही नाही, पण संस्थाप्रमुखाचं नाव हा शिष्टाचार आहे." म्हणजे साहेबांचं नाव सोडलं, तर बाकी प्रत्येक ओळ काढायला दोघांची संमती होती आणि एकाची नव्हती. लोकशाहीत एवढ्यावर सरकार पडतं. कारखान्यात साधी ओळही पडत नाही.

परत येताना ती जिन्यात थांबली. "साहेबांचं जाऊ दे, काका. गणपतीचं काय?"

"त्याचं काय?"

"तो मी काढला तर म्हणतील, हिनेच काढला. आमच्या घरातलं माहीत आहे सगळ्यांना. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले. मग मी स्लो राहणार नाही, भलतीच कुणीतरी होईन."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. यायला पाहिजे होतं, पण फुल्यांचा गणपती माझ्या घरच्या गणपतीसारखा दिसत असल्यामुळे मला त्यात धर्म दिसलाच नव्हता, फक्त उशीर दिसला होता. मी म्हटलं, "गणपती माझ्याकडे लागला."

दुसऱ्या दिवशी मी तो प्रिंटरवर छापून घेतला. तीन कागद लागले. कारखान्याच्या सुताराकडून चौकट करून घेतली, काच घातली आणि स्टॅबिलायझरच्या वर भिंतीवर लावली. वीज तिथूनच येते आणि तिथूनच जाते, तेव्हा विघ्नहर्त्याची खरी जागा तीच होती. मी स्वतः उदबत्ती लावली आणि फायलीतला गणपती माझ्याच हाताने पुसला. खोलीत धूर नेला म्हणून सुरक्षा अधिकारी ओरडले आणि मग हात जोडून उभे राहिले.

मग ते बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. "चांगलं दिसतं," ते म्हणाले. "कायम दिसतं."

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं नाही. ती इतक्या साध्या आवाजात बोलली की मला त्याची भीती वाटली.

"हो ना, साहेब. पडद्यावर आलं की गेलं. तुमची शपथ पण तशीच पळते बघा. भिंतीवर असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवसभर दिसली असती."

"काचेत?"

"काचेत."

आठवडाभरात सुतार बाकी सगळी कामं सोडून आमच्याकडेच होता. शपथ चौकटीत गेली. ती गेली म्हणून खरेदी अधिकाऱ्यांनी आपलं नाव चौकटीत मागितलं, आणि ते गेलं म्हणून मोठ्या साहेबांचं दीडपट मोठ्या चौकटीत गेलं. कुणाची चौकट कुणाच्या वर, यावर एक संपूर्ण बैठक झाली. तिचा मशीनशी काही संबंध नव्हता, म्हणून ती आम्हाला फार आवडली. जी जी ओळ भिंतीवर चढली, ती ती तिच्या मालकाच्या देखत आणि त्याच्या आनंदात तिने फायलीतून पुसली. पिपाणी कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती बेवारस म्हणून गेली. कंपनीचं नाव फाटकावर होतंच, म्हणून तेही गेलं.

आता बटण दाबून मी चष्मा पुसेपर्यंत रेघ लुकलुकायला लागायची.

महिनाअखेर जवळ आली आणि मुख्य कचेरीतले एक वरिष्ठ पाहणीला येणार असं कळलं. कॉम्प्युटर दाखवणं ओघानेच आलं. मोठ्या साहेबांचं त्या वेळचं एक ठरलेलं भाषण होतं. ते मशीनच्या जुन्या चालीवर बेतलेलं होतं. बटण दाबलं की ते म्हणत, "आता हे यंत्र विचार करतं आहे," आणि मग संगणकयुग, एकविसावं शतक, आमची दूरदृष्टी असं सगळं त्या विचाराच्या काळात आरामात बसत असे.

पाहुणे आले. चपला काढल्या. साहेबांनी खूण केली, तिने बटण दाबलं.

"आता हे यंत्र विचार करतं..."

"झाला, साहेब," ती म्हणाली.

"काय झाला?"

"विचार. सुरू झालंय."

पडदा काळा आणि कोपऱ्यात रेघ. साहेब तिच्याकडे बघत होते, पाहुणे साहेबांकडे. एकविसावं शतक साहेबांच्या तोंडात तसंच राहिलं. मला वाटलं, गेली हिची नोकरी. पाहुणे म्हणाले, "एवढ्या थोड्या विचारात भागतं?"

तेवढ्यात खिडकीत तो खालापूरवाला आला. आत कोण आहे याची त्याला फिकीर नव्हती. "ताई, चलान द्या पटकन. पाऊस यायच्या आत घाट चढायचाय."

तिने माझ्याकडून टँकरचा नंबर घेतला, चार कळा दाबल्या, प्रिंटर खरखरला, तिने कागद फाडला आणि खिडकीतून दिला. "जा."

"आं? झालं पन?" तो म्हणाला. "आज पेटी जागीच हाय की."

पाहुण्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारून टँकर फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहिला. पुढच्या टँकरचं चलान निघालं, तो गेलेलाही पाहिला. भिंतीवरच्या चौकटींकडे त्यांनी पाठ केली होती. "मुंबईत आमच्याकडे हे सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो," ते म्हणाले. "इथे कसं जमवलंत?"

साहेबांची दूरदृष्टी इथे कामी आली. "मी सुरुवातीपासून सांगत होतो," ते म्हणाले, "अनावश्यक ते काढा."

"आणि ही मुलगी?"

"आमचीच," साहेब म्हणाले. तात्पुरती हा शब्द त्यांनी गिळला, आणि पाहुण्यांसमोर एकदा गिळलेला शब्द नंतर कागदावर काढणं त्यांना अवघड गेलं असावं.

पत्र आलं तेव्हा तिने ते उभ्याउभ्याच वाचलं.

"'कामातील गतीत लक्षणीय सुधारणा' म्हणे. माझ्या! काका, मी काय वेगळं केलं? तेव्हा पण अशीच टायपायची."

"खालचं वाच."

"वाचलं."

"काय लिहिलंय?"

"कायम." तिने पत्राची घडी घातली. "आईला वाचता येत नाही, म्हणून ती तीनदा विचारेल, खरं लिहिलंय का. तुम्ही खिडकी बघाल? आज मी आधीच्या गाडीने जाते."

"जा. पत्र भिजवू नकोस."

"चौकट करू का?" तिने विचारलं, आणि चपला घालायला बाहेर गेली.