सवाष्णीचा टाका

हातानं केलेल्या वस्तूचं तोंडभरून कौतुक करणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. कुणी एखादं भरतकाम हातात घेऊन, उलटंपालटं करून "अय्या, किती नाजूक, डोळे गेले असतील हो करणारीचे" असं म्हणायला लागलं की मी तिथून उठते. सुनेला वाटतं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. बिनसलेलं आहेच, पण ते आजचं नाही. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी आम्ही जळगावात राहत होतो, तेव्हाचं आहे.

माझ्या आईची थोरली बहीण आमच्याकडे राहायची. आई तिला अक्का म्हणे, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणायचो. दोघींचं माहेर धुळ्याकडच्या एका खेड्यातलं. अक्काला यावलला दिली होती, केळीच्या बागा असलेल्या घरात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मग दीर-जावांच्या घरात तिचं जे व्हायचं ते झालं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि मधल्या वेळात कुणाच्या समोर यायचं नाही. ती अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणायची, त्यालाही तिथं हसायचे, कारण त्यांची बोली निराळी. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईच्या बाळंतपणासाठी ती जळगावला आली आणि परत जायचं नाव काढीना. वडील कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत होते. ते म्हणाले, राहू दे. घर दोन खोल्यांचंच होतं, पण मागं एक पडवी होती. ती अक्काची झाली.

त्याच बाळंतपणात तिनं भावासाठी कुंची शिवली. हल्लीच्या मुलींना कुंची नुसती ऐकून माहीत असते. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येणारं ते झालरीचं टोपडं. आईच्या लग्नातल्या विरलेल्या शालूचा चांगला राहिलेला तुकडा तिनं वरून घेतला, आत जुन्या लुगड्याचं अस्तर घातलं, कपाळावरच्या पट्टीला बारीक काचेचे मणी लावले आणि पाठीवर दोन पोपट काढले. समोरासमोर नव्हेत. एक पुढं चाललेला आणि दुसरा मान वळवून मागं बघणारा. मी विचारलं, हा मागं का बघतो? तर म्हणाली, "त्याले माहीत शे, कोनी तरी हाका मारस." त्या पोपटाकडे मी दिवसचे दिवस बघत बसायची. एवढी सुंदर वस्तू आमच्या घरात आहे याचा मला गर्व होता, आणि तो कुणापासून लपवावा असं मला कधी वाटलं नाही.

बारशाला आलेल्या बायकांनी ती कुंची पाहिली आणि आम्हालाही करून द्या म्हणून मागं लागल्या. इथूनच सगळं सुरू झालं.

आता अडचण अशी होती की बाळाच्या अंगावरचं पहिलं नवं वस्त्र विधवेच्या हातचं कसं चालणार? हे कुणी उघड बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. आईनं आणि अक्कानं आपसात तोडगा काढला. कुंची सगळी अक्का शिवायची, पण कपाळपट्टीच्या मधोमध एक मणी लावायचा ठेवायची. सुई-दोरा तिथंच लोंबता असायचा. "आठे एक टाका सोडेल शे, मारी दे," असं म्हणून ती कुंची आईपुढं ठेवायची. आई हातपाय धुऊन, कपाळाचं कुंकू नीट करून तो मणी लावायची आणि गाठ मारायची. गाठ सवाष्णीची, म्हणजे कुंची सवाष्णीची. न्यायला आलेल्या बायका ती आईच्याच हातून घेत. त्या आल्या की अक्का पडवीत जाऊन बसे. त्यांना सगळं ठाऊक होतं. अख्ख्या आळीला ठाऊक होतं. आईला साधी बटणाची काजं करता येत नसत, हे काय शेजारणींना माहीत नव्हतं? पण तो एक टाका होता, म्हणून सगळ्यांचीच सोय होती.

मला याचा संताप यायचा. मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि माझी जीभ तेव्हाही अशीच होती. बायका आईला म्हणायच्या, "काय हो हात तुमचा!" आणि आई पदर सावरून हसायची. सुरुवातीला ती कसनुशी हसायची. पुढं पुढं मोकळं हसायला लागली. एकदा तर एकीला, "पोपटाची चोच काढताना फार जपावं लागतं," असं सांगताना मी तिला ऐकलं. मी पडवीत जाऊन अक्काला म्हटलं, तू हे ऐकून कशी घेतेस? तिनं दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं, सुईत घातलं आणि म्हणाली, "तुले काय करनं शे? काम चालस ना?"

काम चालत होतं हे खरं. हातात आलेल्या पैशांतून ती स्वतःचा तेल-मीठ-शिधा आणायला लागली होती. पडवीत तिनं स्वतःची चूल मांडली होती, आणि त्या चुलीवरची पहिली भाकरी तिनं आम्हा कुणाला न देता स्वतः खाल्ली होती. सगळ्यांच्या आधी. गावालगत मेहरूणला तळ्याच्या बाजूला एक खोली भाड्यानं मिळते आहे असं तिला कळलं होतं. ती घ्यायची, एकटीनं राहायचं आणि यावलचं तोंड पुन्हा बघायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. यावलचा दीर दर सुगीला निरोप पाठवायचा की माणसं कमी पडताहेत, वहिनीला पाठवा. दर वेळी ती हातातली कुंची दाखवून म्हणायची, हे काम पुरं होईतो नाही. आणि कुठलं ना कुठलं काम हातात असायचंच.

मग वकीलीणबाई आल्या.

गावातल्या मोठ्या वकिलांच्या त्या पत्नी. त्यांना सगळे वकीलीणबाईच म्हणत. शिकलेल्या, सुती पातळ नेसणाऱ्या, सभेत उभं राहून बोलणाऱ्या. बायकांनी घरबसल्या उद्योग करावेत, गावातल्या कारागिरांचा माल घ्यावा, विलायती लेस आणि रिबिनी टाकून द्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी आमच्याकडून स्वतः कुंच्या नेल्या, दहा घरी सांगितलं. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते, तिच्यासाठीही एक सांगून ठेवली. अक्काच्या हाताला उसंत मिळेना. मेहरूणच्या खोलीवाल्याला तिनं होकारही कळवला. त्या वेळी कुणी मला विचारलं असतं तर मी वकीलीणबाईंना देवी म्हटलं असतं.

त्यांनीच बायकांच्या हस्तकौशल्याचं प्रदर्शन भरवलं. शाळेच्या पटांगणात मांडव, लांब बाकांवर पांढऱ्या चादरी, त्यावर क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, रांगोळ्यांचे नमुने, आणि मधोमध आमच्या कुंच्या. पाहुण्या बाहेरगावाहून आल्या होत्या. आई नवं लुगडं नेसून बाकामागं बसली. अक्का माझ्या भावाला कडेवर घेऊन मांडवाच्या अगदी मागच्या खांबाशी उभी राहिली. मी तिच्याजवळ होते.

पाहुण्यांपैकी एकीनं आईला सहज म्हटलं, जरा करून दाखवता का, आम्हाला बघायचंय. आईनं सुई घेतली. पोपटाच्या गळ्याचा एक फेरा तिला घालता येईना. दोरा गुंतला, सुई बोटात घुसली, कपाळावर घाम आला. बघणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. म्हटलं, बरी जिरली.

आणि तेव्हा वकीलीणबाई पुढं आल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी हजारदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्यांनी मागं येऊन अक्काच्या कडेवरचा भाऊ माझ्याकडे दिला, तिचा हात धरला, तिला सगळ्यांच्या मधून पुढं नेलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं, "भगिनींनो, या सगळ्या कुंच्या या माउलीनं शिवल्या आहेत. नशिबानं हिचं कुंकू हिरावून नेलं, पण हिच्या हातातली कला नेली नाही. अशा अनाथ भगिनींना आपण आश्रय दिला पाहिजे." टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळे टिपले.

मी अक्काच्या तोंडाकडे बघत होते. आधी ती घाबरली. मग तिनं मान वर केली. डोक्यावरचा पदर किंचित मागं सरकला आणि तो तिनं पुढं ओढला नाही. कुणीतरी विचारलं, हा पोपट मागं का बघतोय? तिनं उत्तर दिलं. एवढ्या बायकांसमोर, मोठ्यानं, आपल्या बोलीत. कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं, आता हिचं चांगलं होणार. घरी येताना ती माझ्यापुढं भराभरा चालत होती.

त्यानंतर आमच्याकडे कुंची मागायला एकही बाई आली नाही.

सांगून ठेवलेल्यांनी निरोप पाठवले. एकीची सून माहेरीच राहणार होती, एकीच्या घरी सोयर होतं, एकीला कुणी शहरातून आणून दिली होती. ज्या दोघींनी नेलेल्या होत्या, त्यांनी त्या धुऊन, घडी घालून परत आणून दिल्या. आमच्या शेजारणीनं तेवढा खरेपणा दाखवला. नळावर मला म्हणाली, "तसं काय, माहीत तर होतंच गं. पण आता सगळ्यांदेखत बोलून झालंय. आता कसं घालावं लेकराला? उद्या काही झालं तर लोक मलाच म्हणतील." मी तिला तोंडात येईल ते बोलले आणि हंडा तसाच टाकून घरी आले.

आई अक्काला बोलली. तू पुढं गेलीसच कशाला, म्हणाली. हात धरला म्हणून काय जायचं? अक्का एवढंच म्हणाली, "माहीत तर बठ्ठासलेच व्हतं, आख्ख्या आळीले. बोलानी काय गरज व्हती त्या बाईले?" तिचा राग मला तेव्हा पहिल्यांदा दिसला, आणि तो आईवर नव्हता.

वकीलीणबाईंच्या लेकीची कुंची तयार होती. त्यांची मोलकरीण आली. लेकीच्या सासरची माणसं जुन्या वळणाची आहेत, बाईंना स्वतःला काही वाटत नाही, पण सासरच्यांपुढं इलाज नाही, असा निरोप. कुंची मात्र त्यांना हवीच होती. ती त्यांनी नेली, ठरलेल्यापेक्षा जास्त मोल दिलं आणि काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात भिंतीवर लावली. मी ती पुढं पाहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या दाखवायच्या आणि म्हणायच्या, ही कला आता मरत चालली हो, कुणाला कदर नाही. बाळाच्या डोक्यावर जायची वस्तू खिळ्याला लटकलेली होती, आणि कदर नसल्याचं दुःख करत होतं कोण, तर ही बाई. तेव्हापासून माझ्या डोक्यात जी तिडीक बसली ती उतरलेली नाही.

मेहरूणच्या खोलीवाल्याला अक्कानं स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं. सुगीला दिराचा निरोप आला तेव्हा तिच्या हातात दाखवायला काही नव्हतं. वडील म्हणाले, इथंच राहा, तुम्ही आम्हाला जड नाही. ती म्हणाली, "मी जास आते. कोनी लेत नही ते करीसन काय करू?" पडवीतली चूल तिनं स्वतः मोडली आणि जागा सारवून घेतली. यावलला जायला भुसावळच्या गाडीत ती बसली तेव्हा आई खूप रडली. अक्का रडली नाही. मीही रडले नाही, मला नुसता राग येत होता.

माझं लग्न धुळ्याला झालं. पहिल्या मुलीच्या वेळी मी हट्टच धरला, की तिला कुंची घालीन तर अक्काच्याच हातची. बाळ तीन महिन्यांचं झालं तशी नवऱ्याला घेऊन यावलला गेले. बरोबर रेशमी खण नेला होता, मणी नेले होते, हिरवा-लाल दोरा नेला होता. सासूबाईंना मी काही विचारलं नव्हतं. अक्काला सांगायचं ठरवून ठेवलं होतं की शेवटचा मणीही तूच लाव, या वेळी कुणासाठी काही सोडायचं नाही.

ती बागेतच होती. घड उतरवायचं काम चाललं होतं. कापलेल्या दांड्यातून पाण्यासारखा चीक गळत होता आणि बायका तसेच घड डोक्यावर घेऊन गाडीकडे नेत होत्या. अक्का त्यांच्यात होती. डोक्यावरची चुंबळ, खांदे, लुगडं, सगळ्यावर काळपट तपकिरी डाग. मला बघून तिचं तोंड उजळलं. बांधावर बसलो. मी खण काढून तिच्या मांडीवर ठेवायला गेले, तशी ती चटकन मागं सरकली.

"नको, तठेच ठेव." तिनं दोन्ही तळवे मला दाखवले. बोटांच्या पेरांत, नखांत, रेघांरेघांत काळं भरलं होतं. "हाऊ चीक निंघत नही. कापडले लागना ते डाग जनमभर जात नही. कापडले लावाजोगा हात नही राहिनात मना."

मी म्हटलं, पडू दे डाग, मला चालेल. तुझ्या हातचा डागही मला हवा आहे. मी रडतच बोलत होते. ती खणाकडे बघत राहिली, पोत कसा आहे ते बघतात तसं, लांबून.

मग म्हणाली, पोर दे. मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. मुलीच्या अंगात पांढरं झबलं होतं. अक्कानं तिला कोपरांच्या खोबणीत धरलं आणि दोन्ही तळवे वर, हवेत धरून ठेवले. तशीच ती मांडी हलवत बसली. पोर झोपेपर्यंत ते हात तिनं खाली आणले नाहीत, आणि मग कोपरानंच पुढं सारून तिला माझ्याकडे परत दिलं. माझ्या लेकीला अक्काचा हात लागलाच नाही.