माघारी पाठवायचं नाही

जयवंती,

हे तुला आवडणार नाही, ते मला ठाऊक आहे. "माझ्यावर काय लिहायचंय, बाई? मी काय पुढारी आहे?" असं म्हणून तू वाल पापडीची टोपली पुढे ओढशील आणि माझ्याकडे पाठ करशील. कर. मी पंचाहत्तरीला आले, लोकांच्या पाठी बघत बसायला मला वेळ नाही. तू सातवी पास आहेस, तेव्हा स्वतः वाच. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस, वाचणारे मधलं अवघड तेवढं गाळतात. यात तुला 'ती' म्हटलंय आणि मलाही 'चंद्रिकाबाई' म्हटलंय. 'मी मी' करायला लागलं की माणूस स्वतःच्या पारड्यात जरा जास्तच टाकतो, आणि या गोष्टीत माझीही चूक आहे. जे खोटं वाटेल ते खोड. बाकीचं राहू दे.

तलासरी नाक्यावर, डोंगराकडच्या पाड्यांना जाणाऱ्या जीपा जिथून सुटतात, तिथे कडुलिंबाखाली जयवंती उंबरसाडा भाजी घेऊन बसते. भाजी बेताचीच असते. पण जीप भरेपर्यंत लोकांना तिथे उभं राहावं लागतं, आणि उभा माणूस बोलतो. कुणाचा पंप जळला, कुणाच्या घरात पाणी उतरलं, कुणाच्या ब्लाऊजची कुठल्या शिंप्यानं वाट लावली, हे सगळं वीस वर्षं तिच्या कानांवर पडत आलं. तिच्या स्वतःच्या घराची भिंत बाहेरून आलेल्या एका मिस्त्रीनं घातली होती; पहिल्याच पावसात ती भांड्याकुंड्यांवर बसली. तेव्हापासून ती नुसती ऐकायची नाही, लक्षात ठेवायची. आणि मग लोक विचारायला लागले.

"मावशी, गवंडी पाहिजे."

"लहान्या. पण सकाळी आठच्या आत गाठ. दुपारनंतर तो ताडीचा."

"पंपाला कोण?"

"दीपेश. तोंड वाईट आहे त्याचं, हात चांगला आहे. तुला काय पाहिजे, तोंड का हात?"

याचे ती काही घेत नसे. घेतलं असतं तर तिला कुणी विचारलंही नसतं. एखाद्या कारागिराचं नाव सांगायच्या आधी ती एक पावसाळा थांबायची. काम पावसात टिकलं, की त्या माणसाला झाडाखाली बोलावून चहा पाजायची आणि दोन गोष्टी कबूल करून घ्यायची. माझ्याकडून आलेल्याला फसवायचं नाही. आणि माझ्याकडून आलेल्याला माघारी पाठवायचं नाही.

दुसरी अट तिला पहिलीइतकीच मोठी वाटायची. पाड्यावरचा माणूस एका दिवसाची मजुरी सोडून खाली उतरतो. त्याला "आज नाही, पुढच्या आठवड्यात ये" ऐकवलं, तर तो पुन्हा येत नाही; जो पहिला भेटेल त्या भामट्याच्या हाती लागतो. चंद्रिकाबाईंनी ही अट फार वाखाणली होती. त्या डहाणूच्या, तलासरीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, अजून स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या आणि दर मंगळवारी जयवंतीकडून भाजी नेणाऱ्या. "याला म्हणतात व्यवस्था," असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. माणसाला 'नाही' म्हणायची सोयच ठेवली नाही तर तो काय करील, हा साधा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना सुचला नाही.

जुलै संपत आला होता, भाताच्या रोपांची आवणी जोरात होती. तीन दिवस कोसळून पाऊस जरा थांबला होता. मंगळवारच होता. चंद्रिकाबाई करटुली निवडून घेत होत्या, तेवढ्यात बोरीपाड्याचा हिरू आला. गुडघ्यापर्यंत चिखल. आल्या आल्या तो टोपलीशेजारी उकिडवा बसला.

"काय रे, आवणी सोडून?"

"बकरी मेली, मावशी."

"कशानं?"

"पत्र्याला टेकली. बायको सोडवायला गेली तर तीपण फेकली गेली. जिवंत आहे. हात वाकडा झालाय." मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "लाईटचं काम रूपेशनं केलेलं. तुम्ही सांगितलेला."

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर जयवंतीला बरं वाटलं असतं.

"मेन बंद केलास?" चंद्रिकाबाईंनी विचारलं.

"केला. मग अर्थिंगची तार उपटून बघितली. बाई, एवढीशी सळी." त्यानं वीत दाखवली. "नुसती चिखलात खोचलेली. खड्डा नाही, कोळसा नाही, मीठ नाही. काही नाही."

चंद्रिकाबाईंना कळायला वेळ लागला नाही. पावसावाऱ्यात वायर पत्र्यावर घासली, वरचं कव्हर गेलं, वीज पत्र्यात उतरली. तिथून जमिनीत जायला तिला वाट नव्हती. ती बकरीनं दिली.

वाणगावचा रूपेश. जयवंतीच्या घराचं वायरिंग त्यानंच केलं होतं, मांडीइतका खोल खड्डा खणून, कोळसा आणि मीठ तिच्या डोळ्यांदेखत भरून. दोन पावसाळे काढले होते त्या कामानं. जयवंतीनं त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"अजून कुणाकुणाकडे पाठवलंस त्याला?" चंद्रिकाबाईंनी विचारलं.

"भिकीकडे. आणि आंबापाड्याला काकड्याकडे." बोलता बोलता ती थांबली. "काकड्याची सून बाळंत झालीय. चिमी. पोर वीस दिवसांचं आहे."

काकड्याचा फोन लागेना. आवणीच्या दिवसांत पाड्यावर फोन कोण उचलणार, आणि आंबापाड्याला रेंज असते ती फक्त चिंचेखाली. जयवंतीनं टोपल्यांवर गोणपाट टाकलं आणि गाडीचं दार उघडून आत बसली. वीस वर्षांत ती दुपारच्या आधी झाडाखालून उठली नव्हती.

"पट्टा लाव," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"चालवा हो बाई."

भिकीचं घर आधी लागलं. म्हातारी एकटी राहते. दाराला कडी होती, भिकी कुणाच्या तरी शेतात आवणीला गेलेली. मीटर बाहेर, वळचणीखाली होता. चंद्रिकाबाईंनी गाडीतला टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही. "आज नाही, उद्या लागेल," असं म्हणून त्यांनी छत्रीच्या लाकडी मुठीनं मेनचा खटका खाली पाडला. जयवंती चिठ्ठी लिहायला कागद शोधायला लागली.

"तिला वाचता येतं?"

"नाही."

मग जयवंतीनं कुंपणातली काटेरी फांदी ओढून काढली आणि मीटरवर आडवी बांधली. काटा लावलेल्या जागेला इथे कुणी हात लावत नाही, आधी विचारतं. शेजारच्या बांधावरच्या बाईला तिनं हाक मारून सांगितलं, "भिकीला सांग, मी येईपर्यंत लाईट लावायची नाही." बांधताना तिच्या तळहातात काटा मोडला होता, तो तिनं दातांनी काढला.

गाडीत ती म्हणाली, "लाकडं ओली आहेत सगळीकडे."

"मग?"

"बाळंतिणीला ऊन पाणी लागतं. काकड्यानं हीटर आणलाय. माझ्याच समोर घेतला बाजारातून. लोखंडी पिंपात टाकतात तो."

चंद्रिकाबाईंनी गिअर बदलला.

आंबापाड्याच्या अलीकडे रस्ता संपतो. पुढे ओहोळ. त्या दिवशी त्याला कमरेइतकं पाणी होतं आणि पाण्याचा आवाज असा की वरच्या घरापर्यंत हाक पोचू नये. पलीकडे चढावर काकड्याचं घर. दार उघडं, ओट्यावर चिमी उभी, काखेत कळशी. घरचे सगळे शेतात असणार.

जयवंतीनं हाक मारली. चिमीनं कानाला हात लावला आणि मान हलवली. मग जयवंतीनं दोन्ही हात वर करून 'नको, नको' असं हलवलं. चिमी हसली. तिला वाटलं, मावशी पोर बघायला आली. एवढ्या लांबून, पाण्यातून आली. तिनं कळशी खाली ठेवली, स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं, मग घरात बोट दाखवलं.

जयवंतीला समजलं आणि तिचे हात खाली आले. पाहुणा चिखलातून आला की त्याच्या पायांवर आधी ऊन पाणी घालायचं. ती पोरगी तिच्यासाठीच हीटर लावायला निघाली होती. ओहोळ ओलांडायला पाचसात मिनिटं तरी लागली असती. बटण दाबायला काय लागतं?

चिमी उंबऱ्यावर गेली, चौकटीला हात लावून तिनं एकदा मागे वळून बघितलं. त्याच क्षणी जयवंतीनं पदर खांद्यावरून झटकून घेतला, पाठ फिरवली आणि आल्या वाटेनं चालायला लागली.

"अगं, कुठे चाललीस? डोकं फिरलं का तुझं?" चंद्रिकाबाईंनी तिचा दंड धरला.

"चला. मागे बघू नका."

"ती आत जातेय."

"म्हणूनच चला, बाई. मी दारातून माघारी चाललेय, हे तिला दिसू दे."

पाहुण्यानं दारापर्यंत यावं आणि पाणी न घेता, न बोलता पाठ फिरवावी, यापेक्षा मोठा अपमान त्या भागात नाही. त्यातून घरात वीस दिवसांचं पोर. अशा घरातून कुणी रुसून गेलं तर पोराला दृष्ट लागते, असं म्हाताऱ्या सांगतात. जयवंतीनं हे मुद्दाम केलं होतं. पण चिमीनं बघितलं का, हे तिला माहीत नव्हतं. ती पावलं टाकत होती आणि पुटपुटत होती, "ये गं. ये गं बाई." चंद्रिकाबाईंना तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. वीस पावलं झाली असतील, पंचवीस.

मग मागून, पाण्याच्या अगदी काठावरून, रडवेला आवाज आला. "मावशी, कुणाचं काय चुकलं? सांगून तरी जा."

जयवंती चिखलातच खाली बसली. "तिला म्हणा तिथंच उभी राहा," एवढंच ती म्हणाली.

ओहोळ ओलांडायला चिमीनंच त्यांना हात दिला. चंद्रिकाबाईंनी घराच्या पत्र्याला टेस्टर लावला. या वेळी दिवा लागला. पिंप त्याच पत्र्याला टेकवून ठेवलं होतं, हीटर त्यात सोडलेला होता आणि पिंपापासून दोन हातांवर झोळी टांगलेली होती. पोर झोपलं होतं. मेन बंद झाल्यावर जयवंतीनं त्याला उचललं, आईकडे दिलं आणि मग चिमीला सगळं सांगितलं. आपण रूपेशला पाठवला होता, हे तिनं सगळ्यात आधी सांगितलं.

दुपारी रूपेश स्वतःच नाक्यावर आला. हिरूनं जीपवाल्याकरवी त्याला निरोप पोचवला होता. कडुलिंबाखाली दहाबारा माणसं जमली होती. तो जयवंतीसमोर उभा राहिला, बसला नाही.

"काम तुला येत नव्हतं?" तिनं विचारलं.

"येत होतं."

"मग?"

"जूनमध्ये चारोटीला एका हॉटेलचं काम धरलेलं, ते सोडता येत नव्हतं. त्यात तुमची तीन घरं आली. पाऊस तोंडावर, सगळ्यांना आठवड्यात पाहिजे. एक रविवार होता माझ्याकडे. सळ्या खोचून ठेवल्या, म्हटलं मागाहून येऊन खड्डे करू. मग पाऊसच लागला."

"वेळ नाही म्हणायचं होतंस."

रूपेशनं वर बघितलं. "तुम्हाला?" तो म्हणाला. "माघारी पाठवायचं नाही, असं तुम्हीच कबूल करून घेतलंत ना, मावशी? इथेच. चहा पाजून."

जयवंतीला त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते ओठांपर्यंत आलं होतं, पण समोर हिरू उभा होता, त्याची बकरी मेली होती, बायकोचा हात गळ्यात होता. अशा वेळी रूपेशची बाजू कशी घ्यायची? ती म्हणाली, "आधी तिन्ही घरं नीट कर."

त्यानं केली. दोन दिवसांत तीन खड्डे खणले, कोळशाची गोणी जयवंतीनं स्वतः डोक्यावरून आंबापाड्याला नेली. पण तोवर नाव खराब व्हायचं ते झालं होतं. तलासरीत रूपेशला कुणी काम देईना, मग डहाणूतही देईना. गणपतीनंतर तो वापीला एका कारखान्यात लागला.

आणि जयवंती नाव सांगेनाशी झाली. कुणी विचारलं की म्हणते, "मला नाही माहीत." लोकांना वाटतं, ती रूपेशवर चिडली आहे. दक्षासारख्या नेक शिंपिणीकडेही ती आता कुणाला पाठवत नाही. मागच्या महिन्यात हिरूच तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगत नाही म्हणून आम्ही कुणालाही आणतो. मग काय होतं ते बघा." तिनं काटा उचलला आणि त्याची अर्धा किलो वाल पापडी तोलून दिली.

खरं काय ते तिनं फक्त चंद्रिकाबाईंना सांगितलं, दिवाळीच्या आधी, पिशवीत भाजी भरता भरता. "बाई, मला वाणगावला न्या. त्याच्या घरी. रविवारी येतो म्हणे तो वापीहून. त्याला सांगायचंय, नाही म्हणालास तरी चाललं असतं. माझी अटच वाईट होती. ते चारचौघांत सांगायला पाहिजे होतं, तेव्हा सांगितलं नाही. आता त्याच्या आईसमोर तरी सांगते. ते सांगितल्याशिवाय मी कुणाचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?"

"जाऊ की," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "येत्या रविवारी."

त्या रविवारी गाडीचा क्लच गेला. पुढच्या रविवारी जयवंतीचं भात झोडायचं होतं. मग चंद्रिकाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडीला हात लावू दिला नाही. तो महिना संपूनही आता सहा आठवडे झाले. जीपनं जाता आलं असतं, ट्रेननं जाता आलं असतं. पण मग ती अट वाखाणणाऱ्या बाईंनाही रूपेशच्या आईसमोर तोंड उघडावं लागलं असतं. दर मंगळवारी जयवंती पिशवीत भाजी टाकते आणि एकदा बाईंच्या तोंडाकडे बघते. बाई करटुली नाहीत का म्हणून विचारतात. हिवाळ्यात करटुली कुठून असणार?

वाणगाव तलासरीहून गाडीनं सव्वा तासावर आहे.