सासूबाईंच्या खोलीची मापं

माझे यजमान कुनिहिरो घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्याच्या बारा वर्षं आधीपासून ते एकाच खोलीचा नकाशा काढत होते. गाणं ऐकायची खोली. दुसरं काही तिथे करायचं नाही. दोन स्पीकर, त्यांच्यापासून सारख्या अंतरावर खुर्ची, जमिनीखाली काँक्रीट, दुहेरी भिंती आणि अंगणात स्वतःचा विजेचा खांब. शेजारी भाताचा विजेचा कुकर लागला की व्हायोलिनला खरखर येते म्हणे.

"मग शेजाऱ्यांना उपाशी ठेवा, स्वस्त पडेल," मी म्हणायची.

ते हसायचे आणि रेघ खोडून पुन्हा मारायचे. साधा माणूस. सारा जन्म जपानातल्या या सुवा गावात काढला, कुणावर कधी आवाज चढवला नाही.

घरात त्या मापाची खोली एकच, आठ चटयांची; आमच्याकडे जमिनीत बसवलेल्या जाड गवती चटयांवरूनच खोली मोजतात. तिथे माझ्या सासूबाई राहतात. वय सत्त्याऐंशी. नकाशात मात्र त्या नव्हत्या. त्यांचं कपाट नव्हतं, वारलेल्या सासऱ्यांच्या स्मृतीचा देव्हाराही नव्हता. मला ते दिसत होतं. मी बोलले नाही. हा माणूस एकदा त्या खोलीत बंद झाला की बैठकीची खोली माझी, एवढंच माझ्या मनात.

सुताराला मापं घ्यायला बोलवायचं ठरलं तेव्हा "मंगळवारी बोलवा" असं मीच म्हणाले. मंगळवारी सासूबाई वृद्धांच्या केंद्रात जातात. सकाळी गाडी नेते, चारला आणून सोडते.

कारासावा सुतार आला. चटया उचलल्या, देव्हारा सरकवला. यजमान आवाज किती घुमतो ते बघायला कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवत फिरत होते. त्या टाळ्यांत गाडी कुणाला ऐकू आली नाही. सासूबाईंना थोडा ताप भरला म्हणून केंद्राने त्यांना अडीचलाच आणून सोडलं होतं.

त्या दारात उभ्या राहिल्या. उघडी जमीन पाहिली, भिंतीकडे तोंड केलेला देव्हारा पाहिला आणि स्वयंपाकघरात गेल्या. तीनच्या ठोक्याला चहाचा ट्रे घेऊन आल्या. घरात कारागीर असले की तीनचा चहा त्यांनीच द्यायचा, ही आमची जुनी रीत.

"कारासावा-सान, दमला असाल. घ्या."

"वा आजी! लोणचं घरचं?"

"घरचंच. काम कधी सुरू करताय?"

सुतार बिचारा सरळ. "खोली रिकामी झाली की, असं साहेब म्हणाले," तो बोलून गेला आणि मग त्याचा घास तोंडातच राहिला.

"आई, तसं नाही. नुसती मापं..." यजमान गुडघ्यांवर बसले.

"मग नीट घे." सासूबाईंनी उत्तरेचा कोपरा ठोकला. "इथे जूनमध्ये बुरशी धरते. तुझ्या वडिलांनी ही भिंत दोनदा बदलली. इथे ठेवू नकोस तुझे ते स्पीकर." मग चष्मा लावून नकाशा पाहिला. "खुर्ची एकच?"

"मधोमध एकालाच नीट ऐकू येतं, आई."

"असं होय." माझ्याकडे वळल्या. "मंगळवार कुणी काढला, रित्सुए? याला वार कुठले लक्षात राहतात!"

"मी काढला," मी म्हणाले. मान वर झाली नाही.

"चटया आता घालून टाका. मला पडायचंय."

प्रत्येक चटईची जागा ठरलेली, आणि आम्हा तिघांना एकही आठवेना. अंगात ताप असताना त्या उभ्या राहून सांगत होत्या. "ती खिडकीची. अरे, उलटी घालतोयस. ही देव्हाऱ्यापुढची, बघ, माझ्या गुडघ्यांनी झिजलीय." कारासावा पैसे न घेता गेला.

ताप दोन दिवसांत उतरला. पण पुढच्या मंगळवारी गाडी आली तेव्हा सासूबाई खोलीतून उठल्या नाहीत. "घरात कुणीतरी असलेलं बरं," म्हणाल्या. त्यानंतरही नाहीतच. यजमान फाटकापर्यंत जातात, ड्रायव्हरची वाकून माफी मागतात आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकलेलेच असतात. मी दाराआड उभी असते. बाहेर यायचं धैर्य होत नाही.