घासलेली बाटली

माझा कोणावर विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, तलाठ्यावर नाही, पाण्यावर तर मुळीच नाही. घरचे म्हणतात, हिला देव भेटला तरी त्याचं आधार कार्ड मागेल. मागेन! काय चुकलं त्यात?

सावनेरकडचं आमचं गाव नदीकाठच्या एकाच विहिरीचं पाणी पितं. ते तपासायला गावातल्या काही बायांना शिकवलं, त्यात मी एक. नागपूरहून आलेल्या मॅडमनं छोट्या बाटल्या दिल्या. विहिरीचं पाणी भरायचं, झाकण लावून उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काळं पडलं तर त्यात घाण आहे. जसंच्या तसं राहिलं तर पिण्याजोगं. माझे गुडघे धरलेले, म्हणून पाण्याला जाणाऱ्या धाकट्या जावेच्या हाती मी बाटली द्यायचे.

बाटली काही काळी पडेना, आणि जावेची लहानगी पोर मात्र हगवणीनं वाळत चालली. दवाखान्यातून बरी होऊन यायची, की पुन्हा तेच. गाल बसले, डोळे खोल गेले. जीव तुटायचा तिच्याकडे बघून. डॉक्टर दर वेळी विचारायचा, "पाणी कुठलं पिता?" जाऊ ठसक्यात सांगायची, "तपासलेलं."

तपासलेलं म्हणे! कुठंतरी पाणी मुरत होतं. मी एकेकाला धरायला लागले. आधी वरच्या अंगाची कोळशाची खाण. तिचा नाला आमच्याच नदीला मिळतो. मग विहिरीत ब्लिचिंग टाकणारा गडी. त्याला भर चौकात विचारलं, "टाकतो का घरी नेतो गा?"

"मावशी, तुमच्या समोरच तं टाकून राहिलो!"

"समोर टाकतो. मागं काय चालते, कोणाले मालूम?"

तो बिचारा रस्ता बदलून जायला लागला, तर त्यावरून माझा संशय आणखी वाढला. शेवटी मॅडमच्या बाटल्याच नकली वाटू लागल्या.

एका सकाळी गुडघ्यांना तेल चोळलं आणि जावेच्या मागोमाग निघाले. ती विहिरीपाशी बसली होती आणि माझी बाटली राखेनं घासत होती. आत बोट जाईना, म्हणून काडीला चिंधी गुंडाळून. बाप्पा! माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ही पण त्या गड्याला सामील!

"काहून घासून राहिली वं?"

"तर काय न घासलेल्या भांड्यात पाणी भरू?" ती हसली. "आत भुकटी राहते चिकटून, बाई. दर खेपेले धुऊनच भरून राहिली ना मी. तुम्हाले कचरा चालत नाही, मले काय मालूम नाही?"

ती भुकटी म्हणजेच तर औषध होतं; घाण असली की पाणी काळं करणारं. आणि आमच्या घरात न घासलेला पेलासुद्धा पाण्याला लावत नाहीत. पाण्याचा पितळी गुंड चिंच लावून असा घासायचा की त्यात तोंड दिसावं. सासूनं हे शिकवलं आणि जावेनं ते मनापासून पाळलं.

माझ्या कमरेला दुसरी, कोरी बाटली होती. ती तशीच भरली आणि घरी येऊन चुलीजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी डांबरासारखं काळं होतं.

ती घेऊन पंचायतीत जायला मी निघाले, तोच जाऊ समोर आली. पोर कडेवर, मान खांद्यावर टाकून झोपलेली. जावेनं बाटलीकडे पाहिलं.

"आजच काहून काळी झाली, बाई?"

मी जन्मात कोणाला सोडलेलं नाही. पण त्या पोरीकडे बघितलं आणि माझी जीभ उचलेना.

"त्या जुन्या बाटल्याच खराब होत्या वं," मी म्हणाले. "मी तं म्हणूनच राहिली होती."

मी आयुष्यभर ज्या नजरेनं लोकांकडे पाहिलं, त्याच नजरेनं ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं पोर माझ्याकडे दिली, सकाळीच घासून भरलेला गुंड उचलला आणि अंगणात पालथा केला. सगळं पाणी वाहून गेलं, तरी तिनं तो खाली ठेवला नाही.