थांबलेल्या गाडीच्या पलीकडे

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी एसटी फाट्यावर येऊन थांबली आणि नेमकी तेव्हाच आईची ट्रंक दादाच्या हातातून निसटली. ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, बाबांचा फोटो, सगळं डांबरावर. ड्रायव्हर ओळखीचाच होता, तो तंबाखू मळत निवांत बसला. पण आईचा जीव वरखाली. तिने अर्धं सामान पदरातच गोळा केलं, ड्रायव्हरकडे बघून कपाळाला हात लावला आणि मला पुढे ढकलत म्हणाली, "चल बिगीबिगी. थांबलाय न्हवं त्यो आपल्यासाठी." त्या घाईत दादाचा नीट निरोप घ्यायचा राहूनच गेला. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा फाटा दिसेनासा झाला होता.

ही आईची रीत, आणि खरं तर आमच्या तासगावकडच्या सगळ्यांचीच. बेदाण्याचा ट्रॅक्टर असो की कुणाची जीप, कुणी आपल्यासाठी थांबलं की त्याच्या तोंडाकडे बघायचं, हात कपाळाला लावायचा आणि लगबगीने रस्ता पार करायचा. थांबणाऱ्याचा खोळंबा करायचा नाही. रमतगमत जाणाऱ्याला गावात माजोरी म्हणतात. मी लहानपणी एकदा बैलगाडी थांबवून ठेवून हळूहळू चालले, तर आईने घरी आल्यावर पाठीत धपाटा घातला होता. तुम्हा गावातल्या माणसांना हे सांगायला नको. पण गावातून इकडे बंगलोरला आलेल्यांना पुढचं सांगायला हवं, कारण आता त्यांच्याही आया इकडे येऊन राहायला लागल्यात.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. मला बंगलोरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्किट बोर्ड तपासायची नोकरी लागली होती. पोरगी परमुलखात एकटी कशी राहणार, म्हणून आई माझ्याबरोबर निघाली. दादाला ते मुळीच पसंत नव्हतं. "तिला कशाला तिकडं नेतीस?" एवढंच तो म्हणाला आणि बेदाण्याच्या शेडवर निघून गेला.

जयनगरात राधाक्कांच्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. राधाक्कांच्या घरचे लोक तीन पिढ्यांपासून बंगलोरचे, कापडाच्या दुकानावर पोसलेले. त्यांची मराठी ऐकून आई पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावून हसली होती. जेवण झालं का हे विचारायचं तर राधाक्का म्हणायच्या, "ऊटा झाला काय गं?" सहा महिन्यांत आईच भाजीवाल्याला "स्वल्प कमी कर की अण्णा" म्हणायला लागली. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायची, तर दोघी पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या. मला तेव्हा वाटलं होतं, आईचं इथे जमलं. अजूनही वाटतं, जमलंच होतं.

आणि ती रस्त्याला बुजणारी बाई नव्हती. गावात माझ्या पाठीमागे जे बोललं गेलं ते माझ्या कानावर आलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिते. घराजवळच्या रुंद रस्त्याच्या कडेला ती मोकळी जागा मिळेपर्यंत हटून उभी राहायची. मी पुढे झाले तर दंड धरून मागे ओढायची. बंगलोरच्या गाड्या थांबत नाहीत हे ती माझ्याआधी शिकली होती. थांबणारी गाडी भेटली तर काय करायचं, हे मात्र ती गावाकडूनच शिकून आली होती.

श्रावणातल्या एका सकाळी ती आणि राधाक्का फुलं आणायला निघाल्या. मी कामावर होते. पुढचं सगळं राधाक्कांनी मला सांगितलं, आणि ते सांगताना प्रत्येक वेळी त्या रडल्या. रस्त्याच्या कडेला दोघी उभ्या असताना एक पांढरी मोटार त्यांच्यासाठी थांबली. चालवणाऱ्या गृहस्थांनी हाताने खूण केली, जा. राधाक्कांचे गुडघे दुखरे, त्या म्हणाल्या, "स्वल्प थांबा ओ, मी आली." पण कुणी आपल्यासाठी थांबलंय म्हटल्यावर आई कुठली थांबणार? तिने त्या गृहस्थांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि लगबगीने गाडीसमोरून निघाली. मागून एक टेम्पो येत होता. त्याला पुढे नुसती उभी राहिलेली मोटार दिसली. ती का उभी आहे हे त्याला दिसत नव्हतं, कारण माझी आई बुटकी होती आणि मोटारीच्या आड होती. तो बाजूने पुढे काढायला गेला, आणि आई मोटारीच्या पलीकडे पाऊल टाकत होती.

मी इस्पितळात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. बाकावर राधाक्का होत्या, आणि त्यांच्यापासून थोडे दूर, आईने फुलांसाठी नेलेली पिशवी मांडीवर धरून, ते मोटारवाले गृहस्थ. बँकेत अधिकारी होते, निवृत्तीला आलेले. त्यांना मराठी येत नव्हती, मला कन्नड जेमतेम. इंग्रजीत म्हणाले, "मी थांबलो नसतो तर त्या कडेलाच थांबल्या असत्या." थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांनी मला नमस्कार केला हो." मला त्यांचा राग आला नाही. शहरात एक माणूस माझ्या आईसाठी थांबला होता, त्याचा राग कसा करणार?

दादा दुसऱ्या दिवशी आला. त्याने आईचं सगळं क्रियाकर्म केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला हितल्या रहदारीतलं काय कळतंय? गावात असती तर जगली असती." त्यानंतर कितीतरी वर्षं आईचं नाव निघालं की तो उठून जायचा. एसटीडी बूथवरून फोन केला तरी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून द्यायचा. गावात ठरून गेलं की म्हातारी भांबावली आणि गाडीखाली आली. मला आई गेल्याचं दुःख होतंच, पण ती वेंधळी ठरली याने मी आतून जळत राहिले.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारा उड्डाणपूल झालाय. माझं लग्न झालं, लेक झाली, ती जयनगरचीच आहे. माझ्याबरोबर रस्ता ओलांडायला तिला लाज वाटते. गाडी थांबली की मी गाडीसमोरून जाते, पण गाडीच्या कडेपाशी पुन्हा उभी राहते आणि वाकून पलीकडे बघते. थांबलेला ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. वाजवू दे. आई असती तर तिने मला धपाटा घातला असता.

गेल्या हंगामात गावी गेले होते. दादा आणि मी बाजारातून परतत होतो, फाट्यावर बेदाण्याचा ट्रॅक्टर आमच्यासाठी थांबला. सवयीने मी त्याच्या चाकापाशी थांबले आणि वाकून पलीकडे पाहिलं. दादा हसला. "कुणाला बगतीस? मागं कोन न्हाई." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. तिथेच, भर रस्त्यात, मी त्याला सांगितलं की त्या दिवशी एक गाडी आईसाठी थांबली होती. आईने हात कपाळाला लावला होता. या वेळी तो निघून जाऊ शकत नव्हता.

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. मग दादा म्हणाला, "म्हंजी आई चुकली न्हाई."

"न्हाई," मी म्हणाले.

घर कुठलं, असं लेक मला विचारते. खोल्या जयनगरात आहेत, माणसंही तिथेच आहेत. पण आई कशी गेली हे खरंखुरं ठाऊक असलेला माणूस आता गावात आहे, आणि त्यामुळे गाव पुन्हा माझं झालंय. त्या दिवशी फाट्यावर दादाने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ट्रॅक्टरवाल्याकडे बघून कपाळाला हात लावला. "चल बिगीबिगी," तो म्हणाला, "थांबलाय न्हवं त्यो." मग चाकापाशी जाऊन माझ्याआधी तोच वाकला, पलीकडे बघितलं, आणि माझा हात धरून मला पार नेलं.