शिक्षेच्या दिवशी शेजारी बसलेली बाई

दत्त महाराजांपुढे रोज दिवा लावत होते, पण मन त्यांच्यावरही संशय घेत होतं. जुईनगरच्या आमच्या घरात भरदुपारी तो मुलगा शिरला, लोखंडी सळईने ह्यांचा हात मोडला, माझ्या गळ्यातलं ओरबाडून पळाला. तेव्हापासून सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, जिन्यातली अनोळखी पावलं, मला सगळ्यांचाच संशय येई.

गुन्हा शाबित झाला. शिक्षा ठरायच्या दिवशी मी एकटीच कोर्टात गेले. सरकारी वकील म्हणाले होते, "साहेबांनी विचारलं तर मनातलं बोला." मनात एकच होतं, याला जन्मभर आत ठेवा. न्यायाधीश अजून यायचे होते. आरोपीच्या पिंजऱ्यात तो एकोणीस वर्षांचा मुलगा रडत होता. मला ते नाटकच वाटलं. बघता बघता मला घेरी आली.

शेजारच्या नऊवारीतल्या बाईंनी मला सावरलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, पदराने वारा घातला. जरा बरं वाटताच मनात आलं, ही त्याची आई तर नव्हे? मला विरघळवायला आली असेल. मी बाटली परत सारली.

"तुम्ही त्याच्या कोण?"

"कोनाची कोन नाय गो बाय. नावड्याची हाय मी. बाजूच्या कोर्टान माझी जमिनीची तारीख हाय. भायेर बसाला जागा नाय, म्हनून आत आले." मग मुलाकडे बघत म्हणाल्या, "त्याचा कोनूच नाय आला?"

मी वळून पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. बाई उठल्या, पोलिसाला विचारून तीच बाटली त्याला दिली. तो इतक्या घाईने प्यायला की अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ठरवलेलं तोंडातून निघेना. "साहेब, मला याची भीती वाटते. अजूनही वाटते. पण शिक्षा किती, ते मी नाही सांगणार. तुम्हीच ठरवा."

वकिलांनी जास्त मागितली. साहेबांनी वय पाहून कायद्यात बसणारी कमीत कमी दिली, सात वर्षं सक्तमजुरी. जाताना त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. ते खरं की खोटं, मला कळलं नाही. पहिल्यांदाच ते ताडून बघावंसंही वाटलं नाही.

मागे वळले तर बाई निघून गेल्या होत्या. आभार मानायचे राहिले. दाराची साखळी मी आजही लावते. पण कुणाला किती शिक्षा व्हावी, हे ओझं मी इतके महिने उराशी धरलं होतं. ते महाराजांनी त्या दिवशी अलगद काढून घेतलं.

घरी ह्यांनी विचारलं, "किती झाली?"

मी सांगितलं. ह्यांनी मान हलवली, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.