पुटकुळी पाहुणी, डाग घरचा

चाळिशी ओलांडल्यावर मला कॅमेऱ्याचं वेड लागलं. त्या वेळची मी आज रस्त्यात भेटले, तर आधी तिच्या गळ्यातला तो कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून घेईन. भाजी आणायला जातानाही गळ्यात मंगळसूत्र आणि त्यावर कॅमेरा! मंडईत बायका विचारायच्या, "काय वो, पेपरात हाय व्हय तुमी?" आणि ही बया "छे छे" म्हणताना अशी काही लाजायची, की समोरच्याला वाटावं, असणारच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मुलं कॉलेजात गेली होती आणि दुपार अंगावर यायची. ह्यांनी ऑफिसच्या सहलीसाठी घेतलेला कॅमेरा कपाटात पडून होता. तो मी हातात घेतला आणि पुतण्याच्या बारशाला सगळा रोल संपवला. वाकून काढले, स्टुलावर चढून काढले, एक तर पाळण्याखाली शिरून काढला. मग ऐटीत रोल धुवायला दिला. आमच्या पेठेतल्या स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. साठी उलटलेला, बुटका, खर्जातल्या आवाजाचा माणूस. त्यांनी धुतलेली फिल्म माझ्यासमोर उजेडात धरली. आरपार कोरी.

"वैनी, बारसं झालं न्हवं?"

"झालं की!"

"ह्यात तरी न्हाय झालं. रोल दात्यात अडकवलाच न्हाय तुमी. नुस्ता आवाज काढत बसला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझा स्वभाव असा, की लाज वाटली की मी मागं सरत नाही, आणखी पुढं घुसते. म्हटलं, "मग शिकवा मला."

मास्तरांनी शिकवलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी एका स्टुलावर आणि ते दुसऱ्यावर. ॲपर्चर आणि शटर ही दोन भुतं माझ्या डोक्यात बसेनात, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "गोठ्यात म्हशी आत घ्यायच्यात. दार मोठं उघडलं, तर झटक्यात आत. बारीक उघडलं, तर येळ लागणार. म्हशी तेवढ्याच पायजेत. दार म्हंजे ॲपर्चर, येळ म्हंजे शटर. म्हशी म्हंजे काय?"

"उजेड," मी म्हटलं.

"आलं की डोक्यात!"

आजही माझ्या डोळ्यांसमोर उजेड शेपूट हलवत आत येतो, तो त्यांच्यामुळे. फोकस डोळ्यांवर ठेवायचा, माणसाच्या मागं काय आहे ते बघायचं (माझ्या सासूबाईंच्या डोक्यातून एकदा नारळाचं झाड उगवलं होतं), आणि कॅमेरा उचलायच्या आधी तोंड उघडायचं. हे शेवटचं ते फार कडक शब्दांत सांगायचे. "इचारायचं. 'काढू का?' न्हाय म्हणलं, तर गप कॅमेरा खाली. चोरून काढल्याला फोटू कितीबी चांगला येऊ दे, चोरीचाच."

बाहेर सगळीकडं रंगीत फोटोंचं राज्य आलं होतं, पण मास्तरांच्या डार्करूममध्ये अजून काळं-पांढरंच चालायचं. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह काडेपेटीपेक्षा मोठी. तिच्यावर ते पेन्सिलीनं काम करायचे, रिटचिंग म्हणायचे त्याला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पांढरा दिसतो. त्या पांढऱ्या जागेवर आधी औषध चोळायचं, मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरायचे. कागदावर फोटो छापला, की डाग गायब. मला तर ही जादूच वाटली.

पण त्या जादूलाही मास्तरांचा नियम होता. "पुटकुळी पावणी असती वैनी, आठ दिसांत जाती. ती पुसायची. तीळ, व्रण, डाग घरची माणसं. त्यांस्नी हात लावायचा न्हाय. त्यो माणूस म्हणला 'पुसा', तरच."

मी मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच काही लागलं नाही.

त्याच वर्षी माझी भाची, म्हणजे थोरल्या नणंदेची मुलगी, शिकायला आमच्याकडं राहायला आली. गाव गारगोटीच्या बाजूला. पोरगी उंच, तोंडानं फाटकी, हसली की दोन घरं पलीकडं ऐकू जायचं. लहानपणी गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडून तिच्या उजव्या जबड्यापासून मानेपर्यंत भाजलं होतं. डाग चांगला तळहाताएवढा, काकवीच्या रंगाचा. ती तो पदराखाली झाकायची नाही. आमच्या घरी तर कुणाला दिसायचाही बंद झाला होता.

तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकलं होतं, पण खरं तिनंच एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. आदल्या वर्षी एका पाहुण्यांना डाग दिसणार नाही असा फोटो पाठवला होता. ते आले, मुलाच्या आईनं हिला बघितलं, पोह्यांची बशी होती तशी खाली ठेवली आणि सगळे उठले. "मामी, त्या बशीतलं पोहं मी सांजच्याला म्हशीच्या आंबोणात घातलं," ती म्हणाली. मग हसली. पण हातातली मेथीची काडी तिनं तीनदा मोडली.

म्हणून या वेळी फोटो मी काढायचा ठरला. मास्तरांनी त्यांचा कॅमेरा दिला. सकाळी पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी तिला बसवलं, दुसऱ्या बाजूला, उजेड परतून तोंडावर यावा म्हणून, खुर्चीवर पांढरी चादर टाकली. आणि मास्तरांची शिष्या म्हणून विचारलं, "डाग सावलीकडं घेऊ का?"

"नगं. उजेडाकडं घ्या. ज्यास्नी नगं आसंल, त्यांनी आपल्या घरात बसूनच नगं म्हणावं. पुन्यांदा माझ्या दारातनं कोण उठून जायला नगं. एवढं बघा मामी."

"बघते," मी म्हटलं.

फोटो असा आला, की मास्तर तो घेऊन दारातल्या उजेडात गेले. मग म्हणाले, "वैनी, ह्यो फोटू तुमाला जमला." डाग उजेडात स्वच्छ होता, आणि त्याच्यावर तिचे ते दोन डोळे, "काय म्हणणं हाय?" असं विचारणारे.

इथं ही गोष्ट संपली असती, तर मी आज फार थोर बाई असते. पण मला पेन्सिलीचा हात बसवायचा होता. पुटकुळ्या पुसून पुसून मी कंटाळले होते. मोठं काम हवं होतं. दुपारी मास्तर जेवायला गेले असताना मी तीच निगेटिव्ह घेतली. नुसता सराव, पुसून टाकू, असं स्वतःला सांगत ठिपके भरत बसले. सलग चार दुपारी! आणि खोटं कशाला बोलू, काम बेमालूम उतरलं. एक प्रत छापली. त्या चेहऱ्यावर कधी काही सांडलंच नव्हतं.

कौतुकाच्या आशेनं मास्तरांना दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तिनं सांगिटलं हुतं?"

"नाही... मी आपला सराव..."

"पुसा."

त्यांच्यासमोर निगेटिव्ह पुसली. पण छापलेली प्रत? ती मी पिशवीत घालून घरी आणली आणि साड्यांच्या घडीत ठेवली. इतकी सुंदर कारागिरी फाडवेना. रोज एकदा काढून बघायची, जसं काही मीच त्या पोरीला जन्म दिला होता आणि तिच्या आईपेक्षा चांगला दिला होता.

पुढं नणंद बाजाराला म्हणून आली. भाची कॉलेजात होती. कारागिरी दाखवायला मला एक तरी डोळ्यांची जोडी हवीच होती. प्रत तिच्या हातात ठेवून म्हटलं, "वन्सं, कुठं होता सांगा बघू!"

ती खूप वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भाजायच्या आधी अशीच दिसत हुती गं माझी लेक," ती म्हणाली. "एवढा मला दे."

"कुणाला दाखवायचा नाही हं. तिला तर मुळीच नाही."

"देवाशप्पथ. माझ्यापाशी ठेवतो."

आमच्याकडं बायकाही 'ठेवतो' म्हणतात आणि ठेवतात. ती प्रत मात्र वन्संनी ठेवली नाही.

दीडेक महिन्यानं पाहुणे येणार म्हणून भाचीला आणि आम्हा दोघांना गावी बोलावणं आलं. भाची खुशीत होती. डागाचा खरा फोटो आम्ही गावी पाठवलाच होता; तो बघून येतायत म्हणजे डाग बघून येतायत, असा तिचा साधा हिशोब. तिनं केस वर बांधले, मान मोकळी ठेवली, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन ताठ बाहेर आली.

मुलाच्या आईनं तिच्याकडं बघितलं, मग पर्समधून फोटो काढला आणि तो तिच्या गालाशेजारी धरला. दुकानात ब्लाऊजपीस साडीला लावून बघतात ना, तसा.

"पावणं, ह्यो फोटू ह्याच पोरीचा न्हवं?"

भाचीनं ट्रे खाली ठेवला, तो फोटो हातात घेतला. खिडकी ओळखली, चादरीचा उजेड ओळखला. माझ्याकडं बघितलं. मी वन्संकडं बघितलं. आणि वन्सं, माझ्या हातात शपथ ठेवून गेलेल्या वन्सं, भरल्या खोलीत म्हणाल्या, "मला काय ठावं बाई! आमच्या वैनीला ह्याची हौस. तिनंच केलं आसंल."

माझं तोंड उघडलं नाही. मंडईत, बारशाला, सगळीकडं चालणारं तोंड! कारण केलं मीच होतं.

भाचीनं फोटो मुलाच्या आईला परत दिला. "फोटू खोटा हाय, मी खरी हाय. पोहं खाणार का जाणार, तेवढं सांगा."

ते गेले. कुणी बशीला हात लावला नाही. भाची आत जाताना माझ्याजवळ थांबली, एवढंच म्हणाली, "दारातनं उठून गेली मामी. बघा म्हणलो हुतो तुमास्नी." त्या आठवड्यात ती आमच्या घरातली तिची ट्रंक घेऊन हॉस्टेलवर गेली. मी स्टुडिओत जाणं बंद केलं. मास्तर रस्त्यात भेटले की मी पलीकडून जायची.

पुढची कितीतरी वर्षं मी काय केलं? तर फसवली गेलेली बाई म्हणून मिरवले. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला वन्संची गोष्ट सांगायची. देवाची शपथ मोडली, मला तोंडघशी पाडलं, घरच्याच माणसानं गळा कापला. ऐकणाऱ्या चुकचुकायच्या, मला बरं वाटायचं. त्या गोष्टीत पेन्सिल कधी यायची नाही. मी स्वतःची गोष्टही रिटच करत होते आणि हात चांगलाच बसला होता.

भाची शिकली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. लग्न तिनं स्वतः जमवलं, तिथल्याच एकाशी. पत्रिका द्यायला आली तेव्हा दारातच म्हणाली, "मामी, या. कॅमेरा आणू नका." मी गेले. रिकाम्या गळ्यानं, नुसतं मंगळसूत्र.

मग घरात डिजिटल कॅमेरा आला, कॉम्प्युटर आला. आमची नात दहा वर्षांची, पण त्या यंत्रावर हात आमच्या मास्तरांसारखा. मी चार दुपारी घासले ते ती चार सेकंदांत करायची. तिनं माझ्या फोटोतल्या कपाळाच्या तीन आठ्या पुसून दाखवल्या. मी म्हटलं, "अगं, एक तुझ्या आजोबांनी दिलीय, एक तुझ्या बापानं. तिसरी आमच्या वन्संची. कुणाकुणाला घालवतेस?"

अशाच एका सकाळी भाची रविवारच्या वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आली. पुढच्या खोलीत बसली. नात कॉम्प्युटरवरून वळून तिच्याकडं बघत राहिली आणि दहा वर्षांच्या निर्मळ मनानं म्हणाली, "आत्या, तुझा डाग घालवू? एका मिनिटात जातो."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच मी केलं. वर्षानुवर्षं घोटलेली गोष्ट सुरू केली. "बाई गं, ते तेव्हाचं... तुझ्या आईनं माझ्याजवळ शपथ घेतली होती, दाखवणार नाही म्हणून..."

"मामी," तिनं मला थांबवलं. आवाज चढला नव्हता, हीच पंचाईत. "आईनं दिला हे मला त्याच दिवशी कळलं. आई तसलीच हाय, तिच्याकडनं मी कायबी धरून बसलो नव्हतो. तिनं मला कवा इचारलंच न्हाय. तुमी इचारला. सावलीकडं घेऊ का म्हणून. मी सांगिटलो. आनि तुमी माझं ऐकून घेऊन मग पुसला."

इतकी वर्षं ज्या दगाबाजीवर मी रडत होते, ती माझ्या वाट्याची नव्हतीच. मी दुसऱ्याचा घाव लावून हिंडत होते. "हो," मी म्हटलं. "चार दुपारी बसून पुसला. आणि मला तो फार आवडला होता."

हे दुसरं वाक्य मी कुणाजवळ कधी बोलले नव्हते. तिनं माझ्याकडं बघितलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. सांडलेल्या चहाची बशी माझ्या हातातून घेतली, आत जाऊन धुवून आणली.

नातीला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं होतं. ते निस्तरायला म्हणून तिनं कॅमेरा उचलला. "मग आत्या, आहे तसाच काढू का?"

भाची खिडकीपाशी बसलेली. सकाळचा उजेड बरोबर उजव्या गालावर. केसांत दोन-चार पांढऱ्या बटा, मान ताठ. माझ्या बोटांना नुसत्या मुंग्या आल्या. असा उजेड दिवसातून दहा मिनिटं मिळतो.

"नको, बाळ," ती म्हणाली.

नात माझ्याकडं बघायला लागली. मी बटण दाबायला सांगीन, निदान डोळा तरी मारीन, असं तिला वाटलं असणार. तिला आजी ठाऊक आहे.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. नातीनं कॅमेरा खाली ठेवला. उजेड गालावरून सरकून भिंतीवर गेला. मग भाची उठली आणि म्हणाली, "रविवारी या मामी. लवकर या."